बुद्धी कोणाची बाजू मांडते?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. गावोगाव भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मुले पळवणारी टोळी आल्याची हाकाटी झाली, बघता बघता गर्दी जमली, आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मरेस्तोवर मारले गेले. त्याच रात्री मालेगावात हजाराहून अधिक लोकांच्या जमावाने एका कुटुंबातल्या पाच जणांना घेरले. संशय तोच. या पाच जणांत दोन वर्षांचे एक मूलही होते. पोलीस वेळेत पोहोचले आणि मध्ये पडले, म्हणून ते पाचही जीव वाचले. लेकरू कडेवर घेऊन फिरणारे कुटुंब हे कुटुंबच असते, एवढे एरवी कोणाच्याही लक्षात आले असते. त्या रात्री ते इतक्या लोकांच्या ध्यानात आले नाही, किंवा आले तरी त्याने कोणाचा हात थांबला नाही.

अशा घटनांनंतर कारणे ठरलेली असतात: अडाणीपणा, अफवा, मोबाइल. त्यांत तथ्य आहेच. त्या काळात देशभर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल लोकांना जागे करण्यासाठी काढलेली होती. मोटारसायकलवरचे दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, लगेच परत आणून सोडतात, आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा फलक दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापला आणि उरलेला तुकडा पुढे पाठवला. सीरियात २०१३ साली विषारी वायूच्या हल्ल्यात दगावलेल्या मुलांची दृश्येही भारतातल्या मुलांची म्हणून फिरली. व्हॉट्सॲपने त्याच जुलैत भारतापुरती एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. पण चित्रफितीचा शेवट कापणारा एकच असतो. ती पाहून खात्री पटवून घेणारे लाखो असतात, आणि त्यांतले बरेचसे शिकलेले असतात. ही गल्ली कुठली, हे कोणाचे मूल, पोलिसांत तक्रार आहे का, हे प्रश्न अवघड नव्हते. ते विचारायला पदवी लागत नाही.

जमावाने विचारच केला नाही, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. खरे तर जमाव विचार करतच होता. मुले पळवणारे परगावचे असतात. हे परगावचे आहेत. यांना इथल्या कोणाची ओळख देता येत नाही. म्हणजे हेच ते. तर्काच्या पायऱ्या एकावर एक नीट रचलेल्या आहेत. घोटाळा आहे तो पहिली पायरी निवडण्यात, आणि वर पोहोचण्याच्या घाईत. ही घाई कुठून येते, या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने दोन हजार वर्षांपासून एक उत्तर दिले आहे: माणसाच्या पापाचा डाग त्याच्या वागण्यावर पडतो तसा त्याच्या विचारशक्तीवरही पडतो. वाचक ख्रिस्ती असो वा नसो, हे उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे, कारण अफवेपासून न्यायदानापर्यंत आपल्या सार्वजनिक जीवनातल्या बऱ्याच गोष्टी त्याने उलगडतात. आणि त्यावरचे आक्षेपही तितकेच वजनदार आहेत.

आधी पाप म्हणजे काय, हे स्पष्ट करायला हवे. चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे ही पापाची फळे झाली. ख्रिस्ती विचारात पाप ही त्यांच्या मुळाशी असलेली स्थिती आहे: देवाच्या जागी स्वतःला बसवणे आणि मग सगळे जग आपल्या सोयीने मांडणे. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात याचा बुद्धीशी संबंध जोडला आहे. त्याचे म्हणणे असे की, माणसाला सत्य मुळीच ठाऊक नसते असे नाही. ठाऊक असलेले सत्य तो दाबून ठेवतो, आणि हळूहळू त्याचे विचारच पोकळ होत जातात. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी अज्ञान आणि मग दुर्वर्तन, असा सरळ हिशेब पौल मांडत नाही. आधी नकार, मग त्या नकाराला साजेसे अज्ञान. अंधार आवडू लागला की माणूस उजेडाकडे यायचे टाळतो, असे योहानाच्या शुभवर्तमानातही आहे.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातली एदेन बागेची गोष्ट या नजरेने वाचली तर ती विचार कसा घसरतो याचा बारकाईने केलेला तपास वाटते. सर्प सुरुवातीलाच थेट खोटे बोलत नाही. तो एक प्रश्न विचारतो, पण त्यात देवाची मूळ आज्ञा फुगवलेली असते: एकाच झाडाची मनाई होती, तो सगळ्याच झाडांची म्हणून विचारतो. हव्वा त्याला दुरुस्त करते, पण त्या भरात आज्ञेत स्वतःची भर घालते. मग ती फळ पाहते, आणि तिला तीन कारणे दिसतात: खायला चांगले, डोळ्यांना सुंदर, शहाणपण देणारे. तिन्ही कारणे अगदीच खोटी नाहीत. फक्त ती निर्णयाच्या एकाच बाजूला जमा होतात. दुसऱ्या बाजूचे एकही कारण त्या क्षणी आठवत नाही. नंतर जाब विचारला जातो तेव्हा आदाम म्हणतो की, तू दिलेल्या या बाईने मला फळ दिले. यातही एक शब्द खोटा नाही. बाई देवानेच दिली होती, फळ तिनेच दिले होते. खरी विधाने अशा रीतीने मांडली आहेत की, बोलणारा तेवढा निर्दोष ठरावा. पापाने बुद्धीचे काय होते, ते इथे दिसते. बुद्धी बंद पडत नाही, कधीकधी तर ती जास्तच तल्लख होते. फक्त न्यायाधीशाची खुर्ची सोडून ती वकिलाचा कोट घालते. अशील आधीच ठरलेला असतो, निकाल काय हवा तेही ठरलेले असते, आणि पुरावे त्या बेताने जमवले जातात.

ख्रिस्ती विचारवंतांनी ही गोष्ट वेगवेगळ्या बाजूंनी पाहिली. चौथ्या शतकातल्या ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात सोळाव्या वर्षी मित्रांसोबत केलेली नासपतीची चोरी पानेच्या पाने उलगडली आहे. भूक नव्हती, फळेही फारशी चांगली नव्हती, बरीचशी डुकरांपुढे टाकली गेली. मग चोरली कशासाठी? शोधता शोधता तो एका बोचऱ्या निष्कर्षाला येतो: एकटा असतो तर हे केलेच नसते. सोबतीत चूक ही चूक वाटेनाशी होते. उलट मागे राहण्याचीच लाज वाटते. राईनपाड्याच्या आणि मालेगावच्या गर्दीतही अशी माणसे असणार, ज्यांनी एकटे असताना कोणावर हात उगारला नसता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने पापाने मानवी स्वभावाला झालेल्या चार जखमा सांगितल्या, त्यांत बुद्धीची जखम म्हणजे अज्ञान. सोळाव्या शतकात जॉन कॅल्विनने म्हटले की, माणसाची विचारशक्ती विझलेली नाही, तिच्या ठिणग्या शिल्लक आहेत. पण त्या ठिणग्यांवर धुराचा पडदा आहे. तिघांचे शब्द वेगळे, पण बुद्धीला इजा झाली आहे आणि तरी ती मेलेली नाही, यावर तिघे एक आहेत.

गेल्या सत्तर वर्षांतले मानसशास्त्र याच्या आश्चर्य वाटावे इतके जवळ येते. अमेरिकेत प्रिन्सटन आणि डार्टमथ यांच्यात १९५१ साली फुटबॉलचा एक आडदांड सामना झाला. त्यावरचा हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांचा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकच चित्रपट दाखवला, तरी डार्टमथच्या संघाच्या आगळिका प्रिन्सटनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या विद्यार्थ्यांपेक्षा दुपटीहून जास्त दिसल्या. १९६० मध्ये पीटर वेसन यांनी तीन आकड्यांमागचा नियम ओळखायला सांगितला, तेव्हा बहुतेकांनी आपल्या अंदाजाला दुजोरा देणारीच उदाहरणे तपासली; अंदाज खोटा पाडू शकेल असे उदाहरण घेऊन पाहणारे थोडे निघाले. सर्वांत झोंबणारा निष्कर्ष डॅन काहान आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. त्यांनी लोकांपुढे आकड्यांचे एक कोष्टक ठेवले. काहींना ते त्वचेच्या मलमाचे म्हणून सांगितले, काहींना बंदूकबंदीच्या कायद्याचे म्हणून. मलमाच्या बाबतीत आकडेमोडीत तरबेज असलेले लोक बरोबर उत्तर देत होते. बंदुकीचा विषय येताच आकडे आपल्या राजकीय मताशी जुळले तरच ते सहसा बरोबर उत्तरापर्यंत पोहोचत होते, आणि मतांमधली दरी हुशार लोकांतच जास्त रुंद होती. म्हणजे हुशारी हा उपाय ठरली नाही. ती आपापल्या बाजूच्या कामी आली.

मालेगावने अशी कसोटी एकदा नव्हे, दोनदा पाहिली आहे, आणि ती प्रयोगशाळेतली नव्हती. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी बडा कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले आणि तीसहून अधिक लोक मरण पावले. नऊ मुस्लिम तरुण आरोपी ठरले. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र दाखल केले, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आधीच्या आरोपींना आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा जण गेले. त्या खटल्यातले आरोपी हिंदू होते. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही जणांना निर्दोष सोडले. तपास कुठे आणि का चुकला, हा न्यायालयांचा विषय आहे. इथला प्रश्न आपला, वर्तमानपत्र वाचणाऱ्यांचा आहे. पहिल्या प्रकरणातली अटक वाचूनच ज्यांची खात्री पटली होती, त्यांतल्या किती जणांना दुसऱ्या प्रकरणात तपास यंत्रणेवर शंका घ्यावीशी वाटली? आणि पहिल्या वेळी पोलिसांच्या जबाबांवर ज्यांनी बोट ठेवले, त्यांतल्या किती जणांनी दुसऱ्या वेळी तेवढ्याच काटेकोरपणे जबाब तपासले? पुराव्याचे कागद आपल्यापैकी जवळजवळ कोणीच पाहिले नव्हते. आरोपींची आडनावे मात्र सगळ्यांनी वाचली होती, आणि अनेकांचा निकाल तिथेच लागला होता. दोन्हीकडच्या माणसांचा तर्क शाबूत होता. अशील तेवढे वेगळे होते.

बुद्धीचे हे नुकसान सगळीकडे सारखे नसते, हा मुद्दा विसाव्या शतकातले स्विस धर्मचिंतक एमिल ब्रुनर यांनी नेमका मांडला. त्यांच्या मते विषय माणसाच्या अंतरंगाच्या, त्याच्या देवाशी आणि शेजाऱ्याशी असलेल्या नात्याच्या जितका जवळ, तितका पापाने होणारा बिघाड जास्त. गणितात तो जवळपास नाही, निसर्गविज्ञानात थोडा, इतिहासात आणि समाजकारणात बराच, आणि स्वतःबद्दल व देवाबद्दल विचार करताना सर्वांत अधिक. मालेगावच्या यंत्रमागावर दिवसभरात किती मीटर कापड उतरले, याचा हिशेब मालक आणि कारागीर दोघांचा सारखाच येतो. मीटरमागे मजुरी किती असावी हा प्रश्न निघाला की तेच दोघे, तितक्याच प्रामाणिकपणे, दोन निराळ्या उत्तरांना पोहोचतात. सुताचा भाव, विजेचे बिल, बाजारातली मंदी ही कारणे एकाला आधी आठवतात. महागाई, पोरांची फी, बारा तासांची पाळी ही दुसऱ्याला. दोघेही खोटे बोलत नाहीत. आपल्याला काय आधी आठवावे, हे त्यांच्या हिताने ठरवलेले असते.

पहिला आक्षेप इथेच येतो. मानसशास्त्र आणि उत्क्रांती यांनी हे सगळे समजावून दिले असताना त्याला पाप म्हणायचे कशाला? टोळीत राहणाऱ्या पूर्वजांना टोळीची बाजू घेणे उपयोगी पडले, मेंदूला झटपट निर्णय घेण्याची सवय लागली, झाले. ख्रिस्ती उत्तर हे स्पष्टीकरण नाकारत नाही. माणूस मर्यादित आहे, थकतो, विसरतो, त्याला सगळी माहिती मिळत नाही, यात पाप काहीच नाही. देवाने घडवलेला माणूस मुळातच मर्यादित होता. पण मर्यादेचा दोष सगळीकडे सारखा पडायला हवा. पाढे विसरणारा माणूस कधी जास्त सांगेल, कधी कमी. आपली चूक मात्र एकाच दिशेला कलते, आपल्या फायद्याच्या. दुकानदाराचा हिशेब दर वेळी त्याच्याच बाजूने चुकत असेल, तर त्याला गणित येत नाही असे कोणी म्हणत नाही. शिवाय उत्क्रांतीच्या भाषेत 'असे घडते' एवढेच सांगता येते; 'असे घडू नये, मी त्याला जबाबदार आहे' हे म्हणायला दुसरी भाषा लागते. मालेगावात वाचलेल्या त्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक शाब्दिक नाही.

मराठी वाचकाला यात आपल्याही परंपरेचे सूर ऐकू येतील. कामातून क्रोध, क्रोधातून मोह आणि शेवटी बुद्धीचा नाश ही साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. षड्रिपूंची कल्पना तर घराघरात पोहोचलेली आहे. साम्य मोठे आहे, पण एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. कठोपनिषदाच्या रूपकात बुद्धी सारथी आहे आणि इंद्रिये घोडे. घोडे उधळतात, सारथ्याने लगाम आवळावा. ख्रिस्ती दृष्टीला सारथ्याचीही खात्री वाटत नाही. रागाच्या भरात बुद्धी जाते हे खरेच. पण शांतपणे, पंख्याखाली बसून, संदर्भ देत केलेला विचारही स्वार्थाची चाकरी करू शकतो, आणि तोच जास्त काळ टिकतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त हेच दुसऱ्या अंगाने दाखवले. विद्येपासून बहुजनांना तोडले गेल्याचे दुःख त्यांना होतेच, पण ज्यांच्याकडे विद्या होती त्यांनी ती कोणाच्या हितासाठी राबवली, हा त्यांचा खरा प्रश्न होता. शतकानुशतकांचा अन्याय अडाण्यांनी रचला नव्हता. त्यामागे पाठांतर, भाष्ये आणि कुशाग्र बुद्धी होती.

दुसरा आक्षेप तार्किक आहे. बुद्धीच बिघडलेली असेल, तर 'बुद्धी बिघडलेली आहे' हा निष्कर्षही त्याच बिघडलेल्या बुद्धीचा. त्यावर भरवसा कसा ठेवायचा? बुद्धी पुरती नष्ट झाली असे कोणी म्हणत असेल, तर हा आक्षेप त्याला निरुत्तर करील. पण मुख्य प्रवाहातल्या ख्रिस्ती विचाराने तसे कधी म्हटलेले नाही. कॅल्विनने तर ख्रिस्ती नसलेल्या प्राचीन कायदेपंडितांचे, वैद्यांचे आणि गणितज्ञांचे मनमोकळे कौतुक केले आणि त्यांच्यातले सत्य नाकारणे म्हणजे ते देणाऱ्या देवाचा अपमान करणे, असे बजावले. चष्म्याचा नंबर चुकलेला माणूसही आपल्याला धूसर दिसते हे ओळखू शकतो, आणि दुसऱ्याला विचारून पाटी वाचू शकतो. आपल्याला सगळे लख्ख दिसते अशी ज्याची खात्री, धोका त्याला जास्त. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही येशूची शिकवण मराठी बोलीत इतकी मुरली आहे की, ती बायबलमधली आहे हे पुष्कळांना आठवतही नाही. त्या शिकवणीत डोळे मिटून घ्यायला सांगितलेले नाही. आधी आपले मुसळ काढ, म्हणजे भावाचे कुसळ काढण्याइतके स्पष्ट दिसेल, असा तिचा शेवट आहे. स्पष्ट दिसणे शक्य आहे, हे तिने गृहीतच धरले आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. हा सिद्धान्त विरोधकाला गप्प करायला फार सोयीचा आहे. 'तुला पटत नाही, कारण तुझ्या बुद्धीवर पापाचे सावट आहे' असे म्हटले की वादच संपला. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर द्यायची गरज उरत नाही. असा गैरवापर झाला आहे, आणि आपल्या शेजारीच झाला आहे. गोव्यात १५६० साली सुरू झालेले इन्क्विझिशन मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. नवख्रिस्ती कुटुंबांच्या घरात कोणते सण पाळले जातात, यावरून त्यांच्या श्रद्धेची झडती घेणाऱ्या न्यायासनाला स्वतःच्या शुद्ध बुद्धीबद्दल शंका नव्हती. ख्रिस्ती माणसाने हा इतिहास सांगताना आवाज खाली आणायचे कारण नाही, कारण तो या सिद्धान्ताच्या विरोधातला नसून त्याचाच पुरावा आहे. पाप बुद्धीला वाकवते हे खरे असेल, तर बाप्तिस्मा झालेल्यांची बुद्धीही त्यातून सुटत नाही. धर्मसत्तेची तर नाहीच. योहानाच्या नवव्या अध्यायात हे नेमके आले आहे. जन्मांध माणसाला दृष्टी मिळते आणि तो घडले ते सरळ सांगतो. परूशी, म्हणजे त्या काळचे यहुदी धर्मपुढारी, त्याची साक्ष खोडू शकत नाहीत, तेव्हा म्हणतात की, तू जन्मापासून पापात बुडालेला, तू आम्हांला शिकवणार? आणि त्याला हाकलून देतात. पापामुळे तुझी बुद्धी भ्रष्ट, हा युक्तिवाद तिथे येशूचे विरोधक करतात. येशू तो उलटवतो: आम्हांला दिसते असे तुम्ही म्हणता, म्हणून तुमचे पाप राहते. म्हणजे हा सिद्धान्त पहिल्यांदा स्वतःला लावायचा आहे. जो तो फक्त दुसऱ्याला लावतो, त्याने तो समजून घेतलेला नाही.

याचा अर्थ सगळा विचार सोडून अधिकाऱ्यांच्या ओंजळीने पाणी प्यावे, असाही नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहावे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढच्या वर्षांत तिथल्या धर्मभगिनी आणि वडीलधाऱ्यांशी त्यांचा सिद्धान्तांवरून प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. ज्या गोष्टी आपल्याला पवित्र शास्त्रात सापडत नाहीत आणि विवेकाला पटत नाहीत, त्या केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करायला रमाबाई तयार नव्हत्या. आपल्या अधिकाराखाली असलेल्या व्यक्तीने हट्ट सोडावा, असे समोरच्यांना मनापासून वाटत होते. आज ती पत्रे वाचताना दिसते की, बिघाड दोन्हीकडे शोधावा लागतो. मोठेपणाच्या खुर्चीत बसलेल्याच्या विचारावरही खुर्चीचा परिणाम होतो. पण त्याच रमाबाईंनी नंतर, १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत, स्वतःकडेही तितक्याच कठोरपणे पाहिले. बुद्धीने ख्रिस्ती धर्म पटला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता, असा त्यांच्या कबुलीचा आशय आहे. दुसऱ्यापुढे मान न तुकवणारी बुद्धी स्वतःची झडती घ्यायला तयार होती. बुद्धीच्या आरोग्याची याहून चांगली खूण सांगता येणार नाही.

मग उपाय काय? ख्रिस्ती उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला अंतरंगाचा: पौल मनाच्या नवीकरणाबद्दल लिहितो, आणि त्याच्या मते ते माणसाच्या स्वतःच्या जोरावर होत नाही, देवाच्या कृपेने होते. यामागचा तर्क अश्रद्ध वाचकालाही कळण्याजोगा आहे. मी चुकीचा ठरलो तर माझे सर्वस्व जाईल, असे वाटत असेपर्यंत मी माझी चूक पाहूच शकत नाही. क्षमा आधीच मिळाली आहे असा ज्याचा विश्वास, त्याला चूक कबूल करणे तितके महाग पडत नाही, आणि त्याच्या बुद्धीला वकिली सोडायला वाव मिळतो. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाच्या बुद्धीला हाच वाव दुसऱ्या वाटेने मिळवून दिला. उरीया या आपल्याच सैनिकाची बायको बळकावून त्याला लढाईत मरायला पाठवणाऱ्या राजापुढे त्याने आरोप ठेवला नाही. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. स्वतःचा संबंध दिसत नव्हता तोवर दावीदाची न्यायबुद्धी ठणठणीत होती. त्याने चौपट भरपाईचा आणि मृत्यूचा निकाल दिला, आणि मग त्याला कळले की आरोपी तोच आहे.

दुसरा भाग व्यवस्थेचा आहे, आणि इथे बायबल कमालीचे व्यवहारी आहे. एकाच साक्षीदारावर कोणाला दोषी धरू नये, दोन-तीन साक्षी हव्यात, असे बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे. खोटी वार्ता पसरवू नये आणि बहुसंख्य लोक वाईटाकडे निघाले म्हणून त्यांच्यामागे जाऊ नये, असे निर्गमाचा तेविसावा अध्याय सांगतो. पहिल्याने बाजू मांडली की ती खरीच वाटते, उलटतपासणी होईपर्यंत, असे नीतिसूत्रांत आहे. हे नियम माणसाच्या चांगुलपणावर विसंबलेले नाहीत. माझी बुद्धी मला फसवील हे गृहीत धरूनच ते केलेले आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत इफिस शहरातल्या दंग्याची हकीकत आहे. देवीचे चांदीचे देव्हारे करून विकणारा देमेत्रिय आपला धंदा बसेल म्हणून कारागिरांना चेतवतो, आणि बोलता बोलता धंद्याची काळजी देवीच्या मानाची काळजी होते. नाट्यगृहात दोन तास घोषणा चालतात; बहुतेकांना आपण कशासाठी जमलो हेच माहीत नसते. शेवटी शहराचा एक अधिकारी उठतो आणि म्हणतो की, तक्रार असेल तर न्यायालये उघडी आहेत. तो ख्रिस्ती नव्हता. त्याच्या बोलण्याने त्या दिवशी जमाव पांगला. मालेगावात १ जुलैच्या रात्री पोलिसांनी केलेले काम याच जातीचे होते: भरवसा गर्दीच्या खात्रीवर न ठेवता चौकशीवर ठेवणे. कॅल्विन ज्या शिल्लक ठिणग्यांबद्दल बोलतो, त्या अशा संस्थांत जिवंत राहतात, आणि म्हणून त्या मोडकळीला येऊ देणे हे नुसते प्रशासकीय अपयश राहत नाही.

या सगळ्यातून रोजच्या वापराची एक कसोटी हाती लागते. आपल्याला एखाद्या माणसाबद्दल, समाजाबद्दल, पक्षाबद्दल काही वाईट कळते आणि ते लगेच पटते, तेव्हा स्वतःला विचारावे: हीच बातमी, एवढ्याच पुराव्यानिशी, माझ्या माणसाबद्दल आली असती तर मी आणखी काय मागितले असते? जे मागितले असते ते आता मागावे. फॉरवर्ड करण्याआधी, निवाडा देण्याआधी, प्रवचनात दृष्टान्त म्हणून वापरण्याआधी मागावे. चर्चच्या समितीलाही हे लागू आहे, मशिदीच्या आणि मंदिराच्या विश्वस्तांनाही, संपादकालाही. बुद्धीवर अविश्वास दाखवायला ही कसोटी सांगत नाही. अविश्वासाची सुरुवात कोणापासून करायची, एवढेच ती सांगते. आणि गर्दीतला प्रत्येक जण ती सुरुवात समोरच्यापासून करतो, म्हणूनच ती गर्दी होते.